लाखेला कोण उचलणार?

पोखरा, जेठ १२, वि. सं. २०५१

धाकटा भाऊ चि. किजा हेराकाजी यास तुझ्या थोरल्या बहिणीचे, ततेचे अ. उ. आ.

माझ्या गोष्टीच्या पुस्तकासाठी तू काढलेली चित्रं मिळाली. लाखे राक्षस झकास उतरलाय. लाल तोंड, सुळे, कमरेपर्यंत झिपऱ्या. पण नाक कुणाचं काढलंस रे? हे तर देवाचं नाक झालं. मला आपल्या ककाचं नाक हवंय, शेंड्यावरच्या चामखिळीसकट.

मुलांच्या पुस्तकात कसला सूड उगवतेस, असं विचारतोस. आई गेली तेव्हा तू ककाच्या दारात त्यांचे पाय धरून बसला होतास ना? जातीतल्या मयताला खांदा देणाऱ्या आपल्या गुठीचे ते थकाली, सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी गुठीची माणसं तिरडी उचलायला आली असती. पण आईने जातीबाहेर लग्न केलेल्या लेकीच्या, माझ्या घरी भात खाल्ला होता. पोह्यांना विटाळ नाही, ते खाल्ले असते तर डोळेझाक केली असती, असं म्हणाले. आई दुपारपर्यंत अंगणात पडून राहिली, तुझे मित्र येईपर्यंत. हे मी विसरणार नाही आणि तुलाही विसरू देणार नाही.

तेव्हा आपला लाखे खादाड, भित्रा आणि आगाऊ. गुठीच्या भोजात बोकडाच्या मुंडीचा उजवा डोळा हा थकालीचा मान, आपला लाखे डावाही गिळतो. शेवटी खाऊन खाऊन रस्त्यात आडवा होतो आणि त्याला कुणीही उचलत नाही. गोष्ट संपली.

आमच्या ह्यांनी, तुझ्या भिनाजूंनी, तुझ्यासाठी मांस वाळवून ठेवलंय. नाक बदललंस की पाठवते, आधी नाही.

आशीर्वाद आहेतच, नाकाचं मनावर घे.
तुझी तता, आशामैया

ठिमी, असार ३

ती. ततेस हेराकाजीचा शि. सा. न. वि. वि.

नाक बदललं. चामखीळ लावली, वर तीन केस पदरचे घातले. मांस पाठव.

रंगवताना जीव मुठीत होता. कका रोज समोरच्या कट्ट्यावर येऊन बसतात, आणि मी विकायला केलेल्या मुखवट्यांचे रंग वाळताना दार उघडंच ठेवावं लागतं. काल आत डोकावून म्हणाले, कोण हा कुरूप? मी म्हटलं, मुलांचा लाखे. त्यावर म्हणाले, नाक मात्र रुबाबदार आहे हो. मी कुंचला टाकून मागच्या खोलीत पळालो आणि तोंडात उशी कोंबून हसलो.

पण तता, एक सांगू? तू निघालीस त्याची नाचक्की करायला, आणि लिहून बसलीस की तो अंधाराला घाबरून शेळीला बिलगून झोपतो. माझी धाकटी तेच पान सारखं मागते. असा राग कुणी काढतं का? राग मलाही आहे. पाय मी धरले होते, तू नव्हेस. पण मला याच गल्लीत राहायचंय, मरायचंय, आणि तुझ्याकडचा भात मीही पोटभर खाल्लाय. उद्या मला कोण उचलेल याचाही घोर आहे.

भिनाजूंना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा किजा, हेरा

पोखरा, भदौ २०

चि. हेराकाजी यास अ. उ. आ., पण या खेपेला दात ओठ खाऊन.

छापील पुस्तक आलं. शेवटच्या पानावर मी लिहिलंय, कुणीही त्याला उचललं नाही. आणि तू कोपऱ्यात काय काढलंस? बाह्या सरसावून गल्लीतून वळणारी मुलं! कुणाला विचारून? मी घातलेल्या शिवीवर तू फुलं वाहिलीस.

वर सोबतच्या चिठ्ठीत कौतुकाने लिहितोस की ठिमीची पोरं ककांच्या मागे लाखे अजा, लाखे अजा म्हणून धावतात, आणि ते कवळी बाहेर काढून गुरगुरतात, मग शेंगदाणे वाटतात. म्हणजे मी त्यांना नातवंडं मिळवून दिली म्हणायची! माझ्या आईला चार खांदे दिले नाहीत त्या माणसाला! अंगाची नुसती लाही होते.

वर्गात वाचून दाखवलं तर माझीही पोरं विचारतात, बाई, मग त्यांनी त्याला उचललं का? मी पुस्तक मिटलं आणि पाढे म्हणायला लावले.

आता महिनाभर तरी माझ्या लोभाची आशा धरू नकोस.
तता

ठिमी, असोज ४

आशामैया हिस कका पूर्णकाजीचे आशीर्वाद.

तुला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं, ते मोडतो आहे.

पुस्तक पाहिलं. नाक माझं आहे, ते मी लगेच ओळखलं. पोट मात्र एवढं नाही. डावा डोळाही मी एकदाच खाल्ला होता, तोही पानात उरला होता म्हणून. ते दुरुस्त करावं.

दुसरं असं की, शेवटच्या पानावरची मुलं लाखेला उचलायला येताहेत, की नुसतीच शेजारून जाणार आहेत? पोरं म्हणतात, उचलणारच. हेराला विचारलं तर तो रंग कालवत बसतो. खोकल्याने हल्ली झोप लागत नाही आणि ते पान डोळ्यांपुढे येतं. गोष्ट तुझी आहे, तूच काय ते कळव.

थोरल्यांची आठवण ठेवत जावी.
पूर्णकाजी

पोखरा, असोज ११

ती. कका यांस आशामैयाचा सा. न.

पोट तेवढंच राहील.

मुलांचं उत्तर पत्रातून मिळणार नाही. इथे या. येताना गुठीतले चौघे आणा, तेच चौघे, ज्यांना तुम्ही त्या दिवशी घराबाहेर पडू दिलं नाहीत. माझ्या ओसरीवर पंगत मांडेन. वाढतील तुमचे जावई, आणि वाढतील भात. पोहे मागितलेत तरी मिळणार नाहीत. आईला वाढला होता तेवढाच भात, तिच्याच ताटात. चौघांच्या देखत ताट स्वच्छ करायचं.

मग तुमच्याच नियमाने तुम्हाला कुणी खांदा द्यायचा नाही. तो नियम सगळ्यांसाठीच मोडा, नाहीतर लाखेसारखे रस्त्यात पडून राहा. मोडलात तर माझ्या हेराचाही घोर मिटेल. आई काही उठून येणार नाही, म्हणून मी तुम्हाला क्षमा करणार नाही.

तुमचे दात नाहीत, भात मऊ शिजवू. ताट पुसून झालं, की ती मुलं कुठे निघालीत ते सांगेन.

लोभाचं भातानंतर बघू.
आशामैया