डायनिंग टेबलावरची मोहीम

६ मार्च, सोमवार
ठरलं. २६ तारखेच्या युद्धखेळांच्या प्रदर्शनाला जायचं. ऑफिसातला स्टोअरकीपर दरवर्षी जातो. मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडतात. टेबलांवर डोंगर, नदी, पूल आणि बोटाच्या पेराएवढे सैनिक. एक चाल आपली, एक समोरच्याची, मध्ये फासे. सैनिक ज्याचे त्यानं रंगवायचे. चांगल्या रंगकामाला बक्षीस, आणि नवशिक्यांच्या लढतींना वेगळा चषक.
मी तसा नवशिका नाही. आवक-जावक विभाग सांभाळणं म्हणजे रोजचं युद्धच. पण पहिल्यांदा येणाऱ्याला तिथूनच सुरुवात करावी लागते म्हणे. असो. चषक तो चषक.
सैनिकांचा डबा आणला. रोज पहाटे पाचला उठून रंगवणार.

७ मार्च, मंगळवार, सकाळी साडेआठ
पहाट हुकली. गजर मीच बंद केला असं ही म्हणते. मला आठवत नाही, म्हणजे पुरावा नाही.

९ मार्च, गुरुवार
डायनिंग टेबल ताब्यात घेतलं. रंग, ब्रश, फेविकॉल, थर्माकोलचा डोंगर. हिनं विचारलं, जेवायचं कुठे? मी म्हणालो, युद्धात नागरिकांना थोडी झळ बसतेच. तिचं उत्तर स्वयंपाकघरातून भांड्यांच्या आवाजात ऐकू आलं.
सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आल्या आहेत. ऑपरेशन उत्तम झालं. जरा जास्तच उत्तम झालं. ताट मांडीवर घेऊन जेवल्या आणि नव्या डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिल्या. त्या मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. त्यांनी नुसतं बघितलं तरी माणसाला वाटतं, आपण अंथरुणात जाऊन पडावं आणि औषध घ्यावं.

१२ मार्च, रविवार
तह झाला. ही म्हणाली, टेबल रिकामं करा नाहीतर तुमची फौज भंगारवाल्याला देते. मी शांतपणे अट घातली: जो प्रदर्शनातून बक्षीस आणेल, टेबल त्याचं. कायमचं. नाहीच मिळालं तर टेबल जेवणाचं आणि फौज भंगाराची. सासूबाई साक्षीदार.
अट माझी, शब्दही माझेच. जरा हिच्यावर अन्याय होतोय असं आत्ता वाटतंय.
इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. या घरात माझा म्हणावा असा एक सोफ्याचा कोपरा होता. तिथे सध्या सासूबाईंच्या उशा आहेत. हे टेबल मला हवं आहे. मनापासून हवं आहे.

१५ मार्च, बुधवार
सैनिकांचे डोळे रंगवले. सगळे चकणे झाले. एका अर्थी बरंच. आपला रोख कुठे आहे हे शत्रूला कळता कामा नये.
पहाटेचा बेत रद्द. मोठे कलाकार दुपारी काम करतात. दुपारी मी ऑफिसात असतो, ही अडचण आहे.

१९ मार्च, रविवार
नियमांचं पुस्तक वाचलं. म्हणजे चित्रं पाहिली. पायदळ एका चालीत सहा सरकतं, घोडदळ बारा. मोजायला टेप लागते. हिच्या शिलाईच्या डब्यातून घेतली.
मीच माझ्याविरुद्ध सराव केला. जिंकलो.

२३ मार्च, गुरुवार
रंगावर मॅट व्हार्निशचा स्प्रे मारायचा होता. हॉलमध्ये वास नको म्हणून हिनं बाथरूममध्ये पिटाळलं. सासूबाईंची कढत पाण्याची आंघोळ नुकतीच आटोपली होती. आत वाफच वाफ. डब्यावर दमट हवेत वापरू नये असं बारीक अक्षरांत लिहिलं होतं, पण वाफेत ते दिसणार कसं?
सगळी फौज पांढरी फटक पडली. पीठ चाळताना खाली उभी असावी तशी.

२३ मार्च, थोड्या वेळानं
ही हिमप्रदेशातली फौज आहे. पहिल्यापासून तसंच ठरलं होतं.

२५ मार्च, शनिवार
उद्या रणांगण. सासूबाईंना एकटं कसं ठेवायचं म्हणून ही त्यांनाही घेणार आहे. म्हणजे मी, बायको आणि सासू. एवढा फौजफाटा कुठल्याच सेनापतीला लाभला नसेल.
भाषण तयार आहे. छोटंसंच. यशाचं श्रेय घरच्यांना द्यायचं.

२६ मार्च, रविवार, सकाळी अकरा
हॉल प्रचंड. काय ती टेबलं! एकावर अख्खं बंदर, दोरखंडांसकट. लोकांच्या सैनिकांना बुटांच्या नाड्या आहेत. मी माझी फौज भरलेला बुटांचा डबा जरा काखेत लपवला. दडपण म्हणून नव्हे, गुप्तता म्हणून.
रंगकामाच्या परीक्षक बाईंनी भिंग लावून पाहिलं. बर्फातली माणसं बिनबाह्यांची का, असं विचारलं. मी म्हणालो, शूर आहेत. मग त्यांनी हळूच विचारलं की व्हार्निश वाफेत मारलं होतं का. काही लोकांना कलेत फक्त रसायनं दिसतात.
रंगकाम गेलं. हरकत नाही. खरा माणूस लढाईत कळतो.

२६ मार्च, दुपारी दोन
लढत झाली. समोर आयोजकांपैकी एक दाढीवाला. नदीवरचा पूल आधी घेणारा जिंकणार. मी संयमाचं धोरण ठेवलं. टेप लावून सहा-सहा मोजत पायदळ पुढे नेलं, बारा-बारानं घोडदळ. पण पूल काही जवळ येईना. दाढीवाल्याचे लोक मात्र ढांगा टाकत आले. दोनदा त्यानं विचारलं, एवढंच पुढे? मी नुसता हसलो. डाव सांगायचा नसतो.
मध्येच सासूबाई मागून म्हणाल्या की जावईबापू, टेप उलटी धरलीत. मी नम्रपणे सांगितलं, युद्ध चालू असताना प्रेक्षकांनी बोलू नये.
माझा एकही सैनिक नदीपर्यंत पोचला नाही. सगळे उभ्या जागी पडले. पण पाठ कोणी दाखवली नाही, हे नोंदवून ठेवतो.

२६ मार्च, संध्याकाळी सहा
टेपच्या एका बाजूला इंच असतात आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. खेळ इंचांचा. एकाच टेपला दोन बाजू असणं हाच मुळात घोटाळा आहे.
पण आज त्याहून गंभीर गोष्ट घडली. लिहायला हात धजत नाही.
मी चहा आणायला गेलो तेव्हा सासूबाईंचे गुडघे दुखू लागले. हॉलमध्ये रिकामी खुर्ची एकच, माझी. त्या बसल्या. दाढीवाल्याला वाटलं पुढची नवशिकी आली. त्यानं त्यांच्यासमोर आयोजक मंडळाची फौज मांडली आणि नियम सांगितले. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि टेप सरळ धरली.
मी तीन कप सांभाळत परतलो, तर त्यांचं घोडदळ पूल ओलांडून पलीकडे. दाढीवाला घामाघूम. तो चाल करताना जरा रेंगाळला की त्या म्हणायच्या, बाळा, आटप, बाकीचेही खोळंबलेत. तो आटपायचा आणि चुकायचा. त्याचा सरदार पडला तेव्हा सासूबाईंनी त्याला स्वतःच्या हातानं उचलून पेटीत आडवा ठेवला. वर फडकं पांघरलं.
नवशिक्यांचा चषक त्यांना मिळाला. भाषण करायला सांगितलं. त्यांनी यशाचं श्रेय घरच्यांना दिलं. माझं भाषण! परवा मी आरशासमोर म्हणत होतो तेव्हा दार बंद होतं.
टाळ्या मी पण वाजवल्या. कपांमुळे नीट वाजल्या नाहीत.

२७ मार्च, सोमवार
हिला समजावून पाहिलं की अट माझ्या आणि तिच्यात होती. ती म्हणाली, जो बक्षीस आणेल, टेबल त्याचं. शब्द तुमचेच. साक्षीदार सोफ्यावर बसून मान डोलावत होत्या.
फौज भंगारात जाणार म्हणून डबा भरून ठेवला. एकेक चकणा काढून बघितला. वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. इतकी मनापासून मी आवक-जावकची एक नोंदही केली नव्हती.

२९ मार्च, बुधवार
डबा भंगारात गेला नाही. सासूबाईंनी थांबवलं. जखमींना असं टाकून देत नाहीत म्हणाल्या. त्यांनी त्यांचा परतीचा प्रवास पुढे ढकलला आहे. किती, ते विचारायची हिंमत झाली नाही. दाढीवाला रविवारी सरावाला येणार. ही त्याच्यासाठी काहीतरी खास करणार आहे. माझ्यासाठी कधी केलं होतं?

२ एप्रिल, रविवार
टेबलावर सराव चालू आहे. मी आणि ही वॉशिंग मशीनच्या झाकणावर ताटं ठेवून, उभ्यानं जेवलो.
परिस्थितीचा नीट विचार केला. प्रत्येक विजयामागे एक शांत, जाणता माणूस असतो. तो मी. सासूबाईंना हे मान्य असावं, कारण आज त्यांनी मला बोलावून घोडदळाची जबाबदारी दिली.
म्हणजे घोड्यांच्या शेपट्या रंगवायच्या. बाकी घोडा त्या स्वतः रंगवतात. शेपट्या नीट जमल्या तर पुढच्या आठवड्यात खूर देणार आहेत.