बाबांची पांढरी रेघ

३ मार्च, मंगळवार

ठरलं! कॅम बदलणार. म्हणजे बदलणारच.

बाबा म्हणाले, "त्या इंजिनाला हात लावायचा नाही." जेवण अर्धं टाकून उठले. आई माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी काही मी घराची भिंत पाडायला निघालेय.

गाडी माझ्या नावावर आहे. ब्रेक मी बदलले, टर्बोचे फुटके पाइप मी बदलले, गंजलेला सायलेन्सर मी उतरवला, तेव्हा कुणी ब्र काढला नाही. इंजिनाचं डोकं उघडायचं म्हटलं की मात्र बाबांच्या नाकावर राग! का, तर ते त्यांनी बांधलेलं शेवटचं इंजिन. त्यानंतर आठवड्याभरात त्यांनी गॅरेजला टाळं लावलं. गुडघे दुखतात म्हणाले.

मान्य. शेवटचं आहे. म्हणून काय काचेच्या कपाटात ठेवायचं? महिनाअखेर टेकडीवरची शर्यत आहे आणि मी नाव दिलंय.

५ मार्च, गुरुवार

आईने विचारलं, कॅम कॅम म्हणतेस ते असतं तरी काय. सांगितलं. इंजिनाच्या डोक्यात एक दांडा फिरतो, त्यावर उंचवटे असतात. उंचवटा आला की व्हॉल्व्ह उघडतो, गेला की मिटतो. हवा आत, धूर बाहेर. नव्या दांड्याचे उंचवटे जरा जास्त उंच आणि रुंद, म्हणजे दार जास्त वेळ उघडं. आई म्हणाली, मग धूळ नाही का यायची. हसून हसून पोट दुखलं.

दुखणं खरं तर साधं आहे. खालच्या वेगाला गाडी झकास ओढते. पण टेकडीवर शेवटच्या वळणानंतर सरळ चढ लागतो, इंजिनाचा वेग चढवला, की हिचा दम संपला. तिथेच घोडं पेंड खातं. गेल्या दोन्ही शर्यतींत तिथेच मागच्यांनी मला टाकलं. आणि वर येऊन विचारतात, ताई, हँडब्रेक काढला होता ना?

बाबांचं एकच पालुपद — टर्बोच्या इंजिनाला कॅम लागत नाही, हवा टर्बो ढकलतो. ढकलतो ना! पण दार लवकर मिटलं तर ढकलून उपयोग काय? आतलं आणि बाहेरचं अशी दोन्ही दारं फार वेळ एकदम उघडी राहिली तर टर्बोचा दाब उलटा फिरतो, हेही मला कळतं. म्हणून तर मवाळ कॅम मागवलाय. अगदीच काही अक्कल गहाण टाकलेली नाही.

८ मार्च, रविवार

दादाचा फोन. लांबून हुकूम सोडायला काय जातं! बाबांच्या कामाचा एक चाहता त्याला भेटलाय, त्याला ही गाडी हवी आहे. अट एकच, इंजिन बाबांनी बांधलं तसंच हवं, न उघडलेलं. दादा म्हणाला, तू उघडलंस तर त्याच्या दृष्टीने गाडीत काही उरणार नाही.

म्हटलं, आठवण केलीस ते बरं झालं. शनिवारीच उघडते.

१० मार्च, मंगळवार

कॅम आला. तेलकट कागदात गुंडाळलेला, आरशासारखा लख्ख. उशाशी घेऊन झोपले असते, पण आईने गादीला डाग पडतील म्हणून शेडमध्ये हाकललं. कॅमला आणि मला.

१२ मार्च, गुरुवार

दिवसभर शिकाऊंच्या शेजारी बसायचं आणि "हळू, हळू" म्हणायचं. ड्रायव्हिंग स्कूलची नोकरी म्हणजे दुसऱ्यांना घाबरायला शिकवणं. आज एका आजोबांनी विचारलं, तुम्ही स्वतः कधी जोरात चालवता का. म्हटलं, तुम्ही आधी क्लच सोडा.

घरी बाबा मुके. मीठ हवं असलं तरी आईमार्फत. ठीक आहे. मीही त्यांचीच मुलगी आहे.

१४ मार्च, शनिवार

उघडलं!

आणि समोर बाबांची पांढरी रेघ. पुलीवरून निघून शेजारच्या धातूवर गेलेली. त्यांची जुनी पद्धत. कॅमच्या पुलीवर बेल्ट नेमका दातावर बसवला की ते एवढ्याशा ब्रशने रेघ ओढायचे. पुढच्या माणसाने कंपनीची कोरलेली बारीक खूण शोधत डोळे फोडायला नकोत म्हणून. बाबांची रेघ दिसली की बाकीचे मेकॅनिक दुसरं काही तपासायचेच नाहीत.

गंमत अशी की मी तपासलं. कोरलेली खूण आणि रेघ जुळत नाहीत. रेघ एक दात पुढे आहे. आधी वाटलं माझीच चूक. टॉर्च घेऊन पुन्हा पाहिलं. एक दात पुढेच.

मग लक्षात आलं — मुद्दाम असणार. बाबांची काहीतरी खास युक्ती. कुणाला न सांगितलेली. म्हणून एवढी लपवाछपवी! तरीच खालच्या वेगाला गाडी अशी ओढते. भांडण भांडणाच्या जागी, पण बाबांचा हात तो बाबांचाच. मीही रेघेवरच बसवणार.

१५ मार्च, रविवार

जुना कॅम काढला, नवा बसवला. उंचवट्यांखाली बसणारे टॅपेटही सगळे नवे. जुने टॅपेट जुन्या उंचवट्यांवर झिजलेले असतात, ते नव्याखाली घातले तर नव्याचीही वाट लावतात. सगळीकडे भरपूर वंगण. बेल्ट बाबांच्या रेघेप्रमाणे.

चावी फिरवायच्या आधी इंजिन पान्याने हातानेच फिरवलं. हेही बाबांचंच. "स्टार्टरला काही कळत नाही, हाताला कळतं." लहानपणापासून ऐकतेय. फिरवलं — आणि टक. अडलं!

घामच फुटला. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत होता. जुन्या कॅमला तेवढी जागा पुरत होती, नव्याला पुरेना. चावी फिरवली असती तर सगळे व्हॉल्व्ह वाकले असते, शर्यत आणि इंजिन दोन्ही संपलं असतं. बेल्ट उतरवला, एक दात मागे, कोरलेल्या खुणेवर. पुन्हा फिरवलं. लोण्यासारखं.

बाबांकडे गेले. पेपर वाचत होते. विचारलं, तुमची रेघ एक दात पुढे का आहे? पेपरची घडी घालायला लागले, ती नीट बसेना, तसाच चुरगळून ठेवला आणि आत निघून गेले.

माझा नुसता तीळपापड! आई सांगते, मी काम करत होते तेव्हा ते तीन-चारदा शेडच्या दारापर्यंत येऊन गेले. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी त्या रेघेवर जाणार हे ठाऊक होतं, आणि मूग गिळून उभे राहिले! हट्ट म्हणजे किती असावा? मुलीचं इंजिन फुटलं तरी चालेल, पण आपला शब्द खाली पडायला नको.

ती रेघ मी खरवडून काढणार आहे. मुळापासून.

१६ मार्च, सोमवार

कुणी कुणाशी बोललं नाही. आई दोघांशी बोलून दमली.

१७ मार्च, मंगळवार

रेघ खरवडत होते, तेव्हा बाबा शेडमध्ये आले. म्हणाले, "ती मुद्दाम नव्हती. हात हलला. बेल्ट एक दात पुढे बसला आणि मला कळलंच नाही. गाडी पहिल्याच चढावर दमली तेव्हा कळलं." आणि काढून ठेवलेला जुना कॅम उचलून, "दात बरोबर असता तर जुना कॅमही धावला असता, पोरी. परवा दारात येऊन सांगणार होतो. तोंडच उघडेना."

गुडघे कधी दुखलेच नव्हते; गॅरेज बंद झालं ते हातामुळे.

पांढऱ्या रंगाची डबी आणि ब्रश पुढे केला. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि नवी रेघ ओढली. वाकडी आली. दात बरोबर आहे.

कॅम नवाच राहणार, हेही सांगून टाकलं. "राहू दे," म्हणाले. नवा कॅम पहिल्यांदा सुरू केला की इंजिन मंद पडू द्यायचं नसतं, बराच वेळ एकाच चढ्या वेगावर धरावं लागतं. मला न विचारता ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि पॅडल दाबून धरलं. इंजिनाच्या वेगाचा काटा जागचा हलला नाही. पाय हलत नाही त्यांचा.