बेचाळीस अर्जुन

८ जाने.
सकाळी ह्यांना पुन्हा धाप. नेब्युलायझर दोनदा. खिडकीखालची कोनोकार्पसच्या परदेशी झाडांची रांग फुललीय. बिल्डरची आवड, वर्षभर हिरवं, बकरीसुद्धा तोंड लावत नाही. डॉक्टर म्हणतात, परागकण टाळा. कसे टाळू? श्वासाला सुट्टी देऊ? चौतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून घरात हे!

१० जाने.
झाडं काढा म्हणून अर्ज घेऊन पालिकेच्या उद्यान खात्याच्या ऑफिसात. साहेब निफाडकडचे. वृक्षगणनेची यादी उघडली.
"मॅडम, तुमच्या रोडला कोनोकार्पस एक पण नाय. बेचाळीस अर्जुन हायेत. देशी झाडाला परवानगी नाय देता येत."
म्हटलं, येऊन पान तरी बघा.
"पान बघून काय करू? यादीत हाय ते हाय."
डोळ्यांवर कातडं ओढून बसलेत नुसते. कोण्या गाढवानं मोजली ही झाडं? माहिती अधिकारात मूळ फॉर्म मागितले.
हे म्हणाले, "बेचाळीस अर्जुन, आणि बाण सगळे मलाच." हसले नि खोकला सुरू. मला हसू आलं नाही.

६ फेब्रु.
फॉर्म आले. गाढव सापडलं.
मोजणी आमच्याच कॉलेजच्या पोरींची, मी रिटायर व्हायच्या आदल्या वर्षीची. प्रत्येक पानाखाली माझी सही. न वाचता ठोकलेली.
स्नेहलला फोन. ही रांग तिनेच मोजलेली. "मॅम, ॲपच्या यादीत कोनोकार्पस नव्हतंच. नाव निवडल्याशिवाय पुढचं झाड घेता येईना. तुम्हीच शिकवलं ना, दोन्ही एकाच कुळातली? म्हणून अर्जुन टाकलं."
कूळ बरोबरच आहे. पैकीच्या पैकी मार्क दिले होते मी.
स्वतःचा इतका संताप कधी आला नव्हता.

९ फेब्रु.
साहेबापुढे चूक कबूल केली. त्याला चेवच चढला.
"तसं लिहून द्या. अख्खी मोजणीच रद्द करतो."
अख्खी? रस्ता रुंद करताना नाक्यावरचे नऊ जुने वड जाणार होते, ते ह्याच मोजणीच्या जोरावर वाचले. ती गेली की करवत तयारच.
म्हटलं, एवढी एक रांग दुरुस्त करा.
"एक चुकलं म्हणजे सगळंच चुकलं, मॅडम. उद्या अकरापर्यंत सांगा."
मेल्याला चार शब्द सुनावले. उपयोग शून्य. त्याला वड नकोच आहेत, हे मला आधी कळायला हवं होतं.

१० फेब्रु., सकाळ
ह्यांना सगळं सांगितलं. म्हणतात, "वड राहू दे गं. मी खिडकी लावून बसेन."
भयंकर राग आला. कुणी सांगितलाय हा मोठेपणा? जन्मात कधी वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळला नाही मी, थोतांड म्हणायचे. आता वड की नवरा, हे मी ठरवायचं!
मी रागानं बोलले तशी हेच खिडकी लावायला उठले. दोन पावलांत धाप. परत खुर्चीत.
खिडकी मीच लावली. साडेदहा वाजलेत. रिक्षा खाली आलीय; लिहून द्यायचं की नाही, अजून ठरत नाही.