सासऱ्यांचं डुक्कर सुखरूप पोचवताना

१२ डिसेंबर
ठरलं! सासऱ्यांचं डुक्कर यंदा मी आणणार. डोंगरापलीकडच्या चुलतसासऱ्यांकडून, माझ्या ट्रेलरमधून. धडधाकट पोचलं तर वीस तारखेला, संत इग्नातच्या दिवशी, नाताळासाठी घरोघरी डुकरं कापतात तेव्हा मागचा पाय धरायचा मान माझा. लग्नाला नऊ वर्षं झाली, अजून फाटकापाशी कुत्रा धरून उभा असतो. सासरे म्हणतात, जावईबापू, तुमचं काळीज लोण्याचं. माझं? हसूच आलं.

१३ डिसेंबर
उणे चौदा. ट्रेलर चारी बाजूंनी प्लास्टिकनं पॅक केला. वारा शिरेल तर शपथ! डॉक्टरीणबाईंना फोन केला. जनावरांच्या. म्हणाल्या, अहो, गुदमरवून मारताय की काय? वर फटी ठेवा, खाली कोरडा पेंढा गुडघाभर, आणि वाटेत रेंगाळू नका. मला माहीतच होतं. खात्री करून घेतली इतकंच. प्लास्टिक काढलं.

१५ डिसेंबर
डुक्कर पाहून आलो. गुलाबी, एक कान काळा, चेहरा विचारी. कापायच्या डुकराला नाव ठेवायचं नसतं, हे इथं कुणालाही कळतं. मी ठेवलेलं नाही. नुसतं ‘इंजिनिअर’ म्हणतो, सोयीसाठी.

१७ डिसेंबर, सकाळ
बर्फ. निघतोय. पेंढा भरपूर, वर सासूबाईंची लोकरीची गोधडी. निव्वळ मालाची काळजी. रोडिका म्हणाली, बायकोला कधी साधा मफलर आणला नाहीस. तिला ट्रान्सपोर्टमधलं काही कळत नाही.

संध्याकाळ
फत्ते! चढावर चाकं घसरायला लागली. मागे वजन हवं, हे मला चटकन सुचलं. सोबत आलेल्या रोडिकाला स्टिअरिंग दिलं आणि ट्रेलरमध्ये चढलो. ती ओरडली, अरे वेड्या, वजन गाडीत हवं! आत इंजिनिअर थरथरत होता. पाठीला पाठ लावून बसलो. उबदार गडी! गाणीही म्हटली, तेवढाच त्याचा वेळ जातो. गावात शिरलो तर लोक थांबून थांबून बघत होते. कौतुकानं. सासऱ्यांनी डुकराचे कान चाचपले, म्हणाले, गरम आहेत, शाब्बास! माझे कुणी चाचपले नाहीत. डावा बधिर आहे.

१९ डिसेंबर
मला ताप. इंजिनिअर ठणठणीत. सारखा जाऊन बघतो. तांत्रिक तपासणी. आज हातातून सफरचंद खाल्लं! उद्याची तयारी जय्यत: रबरी बूट, आलुबुखाराची दारू, काळीज दगड.

२० डिसेंबर
पाय मी धरला. नोंद असावी. इंजिनिअरनं वळून पाहिलं. मी एवढंच विचारलं, की जमीन गार आहे, खाली थोडा पेंढा टाकू या का?

सासऱ्यांनी सुरी खाली ठेवली. म्हणाले, कीव करणारा माणूस अंगणात असला की डुकराचा जीव सुटत नाही. व्हा बाहेर! मी म्हणालो, डोळ्यांत धूर गेलाय. शेकोटी अजून पेटायची होती.

फाटकापाशीही ठेवलं नाही. कुत्रा शेजाऱ्यानं धरला. मला स्वयंपाकघरात बायकांत बसवलं, सॉसेजचे कांदे चिरायला. सासूबाई म्हणाल्या, बस बाळा, इथं हवं तेवढं रड, कुणी विचारणार नाही.

कांदे केव्हाच संपले. मी अजून उठलेलो नाही.