टीव्ही काही ठरत नाही

मंगळवार, ३ मार्च

पुन्हा तेच! बातम्या लावल्या आणि चित्र वरून-खालून आवळलं. बातम्या देणारी बाई चेपून वीतभर झाली. आप्पांनी उठून टीव्हीच्या पाठीत दोन थापा घातल्या. पाच मिनिटं बरं. मग परत वीतभर.

मेहुण्याचा फोन. 'भाऊजी, तो डबा काढा आता. नवा माझ्याकडून. एलसीडी घ्या नाहीतर प्लाझ्मा, तुम्ही आणि आप्पा मिळून ठरवा. तो लागला की कळवा, मी येऊन आप्पांना घेऊन जातो.' म्हणजे टीव्ही आत, सासरे बाहेर! असं तो म्हणाला नाही. पण अर्थ तोच.

बायको आजारी पडली तेव्हा तिचे वडील महिनाभरासाठी म्हणून आले होते. सप्टेंबरात ती गेली. आप्पा राहिले. जा असं मी म्हटलं नाही, राहा असंही म्हटलं नाही. दोघंही मुळात कमी बोलणारे. दोघांना मिळून बोलायला विषय एकच, आणि तो आम्ही काढत नाही.

बुधवार, ४ मार्च

प्लाझ्मा म्हणजे नक्की काय हे कुणालाच माहीत नाही. मत मात्र प्रत्येकाला आहे.

शनिवार, ७ मार्च

दुकानात गेलो. आप्पा छत्री घेऊन निघाले. आभाळात ढगाचा पत्ता नाही. 'छत्री कशाला?' 'लागेल.'

ओळीनं वीस टीव्ही, सगळ्यांवर एकच पोपट. आप्पांनी मिटलेली काळी छत्री एकेका पडद्याला लावून बघायला सुरुवात केली. पस्तीस वर्षं छापखान्यात मशीनवर होते, काळा रंग म्हणजे त्यांच्या घरचा माणूस. 'हा काळा नाही. राखाडी आहे.' दुकानदार म्हणाला, 'काका, हा एलसीडी. एवढं असतंच.' 'मग काळा म्हणून कशाला दाखवता?' गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

प्लाझ्मापाशी छत्री आणि पडदा एकजीव. आप्पा खूश. पण त्याच्या काचेत अख्खं दुकान दिसत होतं, आमच्यासकट! आमच्या हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी. रोज संध्याकाळी बातम्यांच्या जागी समोरची इमारत बघावी लागेल. शिवाय तो तापतो, वीज खातो, आणि उचलायला दोन धट्टेकट्टे गडी हवेत.

दुकानदारानं वही काढली. 'घरात बघणारे किती जण?'

'तिघं,' आप्पा म्हणाले.

त्यानं तीनचा आकडा लिहिला. मी तो खोडायला लावला नाही.

सोमवार, ९ मार्च

सतरा वर्षं पाणी तपासतोय. शहराच्या कुठल्याही नळाची बाटली आणा, पिण्यालायक आहे की नाही ते सांगतो. आणि एक टीव्ही ठरवता येऊ नये? रीतसर तक्ता केला. उजेडात दिसणं, काळेपणा, वीज, वजन, उष्णता, कडेनं दिसणं. एलसीडीला चार, प्लाझ्माला दोन. विषय संपला.

आप्पांना दाखवला. चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. 'अक्षर सुरेख आहे तुमचं, जावईबापू.'

बस्स. एवढंच!

बुधवार, ११ मार्च

लॅबमध्ये सगळे जाणकार. साहेब म्हणाले, प्लाझ्मात गॅस असतो, तो दोन वर्षांनी संपतो, परत भरून आणावा लागतो. शिपायानं विचारलं, 'सिलिंडरसारखा?' साहेब म्हणाले, 'तसाच.' शिपायाच्या साडूकडे एलसीडी आहे, त्यात म्हणे चेंडूला शेपूट दिसतं. शेजारच्या टेबलावरच्या बाई वैतागून म्हणाल्या, 'अहो, मग जुनाच दुरुस्त करा की!'

जुना दुरुस्त झाला तर मेहुणा यायचा नाही. हे मनात आलं. तिथंच सोडून दिलं आणि बाटल्या धुवायला घेतल्या.

शनिवार, १४ मार्च

चौथी फेरी. या वेळी हॉलचा नकाशाच काढून नेला, मापांसकट. मधे सोफा, आप्पांची खुर्ची उजव्या भिंतीला, माझी डाव्या. दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवला. 'दोघंही कडेला? साहेब, एलसीडी कडेनं फिका दिसतो. हा सोफा तर बरोबर समोर आहे. इथं कोण बसतं?'

'कुणी नाही.'

'मग इथं बसा ना! झालं काम. एलसीडी न्या.'

आप्पा वर पंख्याकडे बघत होते. मी नकाशाची घडी घातली. काय सांगणार त्याला? सोफ्याच्या मधल्या उशीला अजून खळगा आहे. झाडताना मी ती उशी उचलत नाही. आप्पाही उचलत नाहीत, हे मी पाहिलंय.

वर आप्पांचं आणखी एक खूळ. प्रत्येक टीव्ही डावीकडे जाऊन बघतात. पावलं मोजून, अगदी माझी खुर्ची जेवढ्या अंतरावर आहे तिथून. 'आप्पा, तुमची खुर्ची उजवीकडे आहे.' 'माहीत आहे मला.' आणि पुन्हा डावीकडे! वय झालं, दुसरं काय.

रविवार, १५ मार्च

मेहुणा फोनवर भडकला. 'अहो, टीव्ही घेताय की मुलगी बघताय? मी बावीसला येतोय. ठरो न ठरो, आप्पांना नेणार. त्यांची खोलीसुद्धा रंगवून झाली.' आवाज एवढा मोठा की शेजारी बसलेल्या आप्पांना सगळं ऐकू गेलं असणार. ते नखं कापत होते. थांबले. मग पुन्हा कापायला लागले.

मंगळवार, १७ मार्च

आज माझा तोल गेला. एक प्लाझ्मा काळेपणात पास झाला, कडेनं दिसण्यात पास झाला, आणि आप्पा म्हणतात रिमोट जाड आहे. रिमोट! घरी आल्यावर म्हटलं, 'आप्पा, तुम्हाला टीव्ही घ्यायचाय की नाही, एकदाचं सांगून टाका!' आवाज चढला. सहा महिन्यांत या घरात पहिल्यांदा.

आप्पा शांत. 'तुम्हाला घाई कसली आहे, जावईबापू?'

घाई होती. लिहूनच टाकतो, इथं कोण वाचतंय. ऑक्टोबरात मला वाटायचं, हे जावेत. चहाचा पहिला घोट घेतला की घसा खाकरायची त्यांची सवय तिच्यात आली होती, जशीच्या तशी. आतल्या खोलीतून तो आवाज आला की मी उठून उभा राहायचो. मग दारात आप्पा दिसायचे. माझं तोंड बघायचे आणि कप घेऊन परत आत जायचे.

आता तो आवाज आला की मी उठत नाही. उलट सकाळी सातपर्यंत आला नाही तर आत डोकावून येतो.

गुरुवार, १९ मार्च

आप्पांनी सकाळीच जाहीर केलं, 'एलसीडी घेऊन टाका. तुमचा तक्ता बरोबर आहे.' पलंगाखालची बॅग वर काढलेली. शर्टांच्या घड्या, दाढीचं सामान, औषधांची पिशवी. सगळं भरून झालेलं, नुसती चेन लावायची बाकी.

सुटलो एकदाचा, असं वाटायला हवं होतं.

संध्याकाळी दुकानात. दुकानदारानं 'अभिनंदन काका!' म्हणत पावतीपुस्तक उघडलं. नाव लिहिलं. पत्ता लिहिला. 'उद्या सकाळी माणसं येतील, अकराच्या आत भिंतीवर लागलेला असेल.' आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'थांबा. मला प्लाझ्मा परत एकदा बघायचाय.'

दुकानदार मटकन स्टुलावर बसला. 'अहो, काकांचं जमलं तर आता तुमचं फिरलं?'

'कडेनं फिका दिसतो हो.'

'मी वेगळं काय सांगत होतो?'

'आणि काळा काळा दिसत नाही.'

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग दुकानदाराला म्हणाले, 'बरोबर आहे त्यांचं. घाईचं काम नाही हे.' 'तुम्ही दोघं असं करा,' दुकानदार म्हणाला, 'उद्यापासून इथं हजेरी लावा. मी मस्टर ठेवतो!'

परतताना आप्पा पुढे, मी मागे. एरवी मला त्यांच्यासाठी थांबावं लागतं.

शुक्रवार, २० मार्च

लॅबमधून मेहुण्याला फोन केला. असलं बोलणं मला जमत नाही, कागदावर लिहून घेतलं होतं. वाचून दाखवलं, 'टीव्ही मी घेईन, आमचा ठरेल तेव्हा. आप्पा इथं राहतील.'

तो म्हणाला, 'भाऊजी, ताई असती तर गोष्ट वेगळी होती.'

'ती असती तर टीव्ही तिनं दोन मिनिटांत ठरवला असता.' हे कागदावर नव्हतं.

तो हसला. मग म्हणाला, 'पण आप्पांना विचारलंत का?'

विचारलं नव्हतं! अडीच आठवडे त्यांना काळा विचारला, राखाडी विचारला, रिमोटची जाडी विचारली, आणि हे विचारलं नाही. 'रविवारी येतो, समोरासमोर बोलू,' म्हणाला.

घरी आल्याबरोबर विचारलं. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. 'आप्पा, इथंच राहाल ना?' ते रिमोटमधले सेल बदलत होते. 'बघू,' म्हणाले.

बघू! या माणसाचं आयुष्यात एक तरी काम पहिल्या फटक्यात ठरलंय का?

बॅग अजून पलंगावरच आहे.

रविवार, २२ मार्च

मेहुणा आला, जेवला आणि एकटाच परत गेला. आप्पांनी त्याला एवढंच सांगितलं, 'टीव्ही ठरलेला नाही. अर्ध्यात सोडून कसा येऊ?'

मी त्याला सोडायला खाली गेलो. जिन्यात तो थांबला. 'भाऊजी, मी सांगितलं म्हणू नका. मला घेऊन जा, असं आप्पाच म्हणाले होते. जानेवारीत. आपल्याला बघितलं की जावयांना त्रास होतो, पण ते बोलायचे नाहीत, असं म्हणाले. आणि आपण गेल्यावर ते एकटे पडतील, घरात कुणाचा आवाज तरी असावा, म्हणून नव्या टीव्हीचा विषयसुद्धा त्यांनीच काढला. माझं फक्त नाव.'

त्याची गाडी गेली तरी मी जिन्यातच. वरून हाक आली, 'जावईबापू, गेला का तो? मग चला. दुकान आठला बंद होतं.'