रुक्मिणमावशी बसली

५ ऑगस्ट, मंगळवार
सातला ड्यूटीवर आले तर वॉर्डात एकही खुर्ची नाही. स्टुलं पण गायब. आधी वाटलं चोरी. पण चोर असता तर टी.व्ही. नेला असता, पायमोडकी स्टुलं कशाला नेईल? मग कळलं, हे म्हाताऱ्यांचं नर्सिंग होम ज्यांचं, त्या डॉक्टर सरांचंच काम. काल संध्याकाळी सगळ्या खुर्च्या गच्चीवरच्या खोलीत टाकून कुलूप. कारण, कॅमेऱ्यात स्टाफ 'सारखा बसलेला' दिसतो. सर घरी जेवताना मोबाइलवर आमची मालिका बघतात. नायिका बसली की त्यांच्या घशात घास अडकतो.
अठरा खाटा, अठरा म्हातारी माणसं, बहुतेक अंथरुणाला खिळलेली. चार मावश्या, दोन सिस्टर. इन्चार्ज मी, म्हणजे बोलणी खायला पहिली. ड्यूटी बारा तास. आजपासून उभ्यानं.

८ ऑगस्ट, शुक्रवार
रुक्मिणमावशीचे पाय सुजलेत. बोट दाबलं तर खड्डा पडतो. वय अठ्ठावन्न, सांगते पन्नास. दुपारी चार-पाच जणांना भरवायचं काम तिचं. एकेकाला अर्धा अर्धा तास, वाकून. देवणीच्या आजी तर एक घास इतका घोळवतात की तेवढ्यात माझा राऊंड होतो. आणि रु.मा.च्या हातचंच खातात. मी चमचा पुढं केला तर तोंड असं मिटतात, जसं काही इंजेक्शनच.
सरांना जाऊन विचारलं.
"सिस्टर, माणूस बसला की आळस येतो."
हे फिरत्या खुर्चीत बसून म्हणाले. अनुभवाचं बोलत असावेत.
"लेखी अर्ज द्या, बघू." दिला. सहाजणींच्या सह्या, रु.मा.ची सगळ्यात मोठी. नुकतीच शिकलीय, जागा जास्त लागते.

१२ ऑगस्ट, मंगळवार
आज आमचं मनोबल वाढवण्यात आलं. सरांनी पुण्याहून वक्ते आणले. विषय: 'कामात आनंद कसा शोधावा'. दीड तास. आम्ही अर्थात उभ्या. वक्त्यांसाठी केबिनमधली एक खुर्ची आली, तर ते म्हणाले मी उभ्यानंच बोलतो, जवळीक वाटते. म्हणजे खुर्ची रिकामी. दीड तास आम्ही सहाजणी त्या खुर्चीकडं एकटक बघत होतो. इतके एकाग्र श्रोते त्यांना जन्मात मिळाले नसतील.
शेवटी डोळे मिटायला लावले. 'मी आनंदी आहे' दहा वेळा. रु.मा. डोळे मिटून भिंतीला टेकली ती झोपलीच. उभी. वक्ते हळूच म्हणाले, "बघा, ताई किती खोल गेल्या!"
जाताना एक पोस्टर लावून गेले: 'आम्ही एक कुटुंब'. खरंय. माझ्या सासरी पण मला सगळ्यांच्या आधी कुणी बसू दिलं नव्हतं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंडावंदन. सर उभे राहिले, राष्ट्रगीत संपेपर्यंत. मग खुर्ची मागवली.
रु.मा.नं कोपऱ्यात गाठलं. "सिस्टर, एक अर्ज लिहून द्या. नोकरी सोडायचा."
"मावशी, थांबा की जरा."
"थांबूनच तर ही गत झाली. लेकीकडं लोह्याला जाते. तिथं निदान उंबऱ्यावर तर बसंन."
लिहिला. तिनं ती मोठी सही केली. तारीख मी मुद्दाम टाकली नाही. कागद माझ्या ड्रॉवरमध्ये. म्हणाली महिनाअखेरपर्यंत बघते, मग तुमी सरला द्या. नऊ वर्षांत या बाईनं एकाही म्हाताऱ्याच्या पाठीला जखम होऊ दिली नाही. हे कुठल्या पोस्टरवर लिहायचं?

१९ ऑगस्ट, मंगळवार
अर्जाचं काय झालं विचारलं. 'विचाराधीन'. खुर्ची द्यायची की नाही याचा विचार खुर्चीत बसून करायला अकरा दिवस पुरत नाहीत.
रु.मा. जाणार, हे शनिवारीच सरांच्या कानावर घातलं होतं. "दुसरी मिळेल." दुसरी काल आली पण. चुणचुणीत होती. अकरा वाजता म्हणाली, बसायचं कुठं? मी गच्चीकडं बोट केलं. "आलेच," म्हणाली. अजून यायची आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार
उद्या पोळा. देवणीच्या आजींना तारीख-वार आठवत नाही, पण पोळा आठवतो. एकेकाळी दारात सहा बैल, देवणीचेच, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे. सकाळी माझ्याकडं तूप अन् हळद मागितली. वाटलं खोकल्यासाठी. दिली.
थोड्या वेळानं जाऊन बघते तर आजी खाटेवर बसत्या झालेल्या, रु.मा.चा एक पाय मांडीवर ओढून घेतलेला, आणि सुजलेल्या घोट्याला तूप-हळद चोळणं चाललेलं. रु.मा. एका पायावर, खाटेचा गज धरून, रडकुंडीला आलेली.
"आवं आजी, सोडा! पाप लागंल मला!"
"गप उभी ऱ्हा. आज बैलाचे खांदे मळत्यात. तुझं सगळं ओझं पायावर, म्हनून पाय मळून राहिले."
मी औषधाच्या ट्रॉलीमागं गेले. गोळ्या मोजायच्या होत्या असं समजू.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा
सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.
दुपारी जेवणाच्या वेळेला नांदेडहून एक बाई आल्या. बँकेत मोठ्या हुद्द्यावर. आईला इथं ठेवायचंय, जागा बघायला आल्या. सर स्वतः फिरवत होते. इकडं ऑक्सिजन, इकडं हवेची गादी. वॉर्डात आले तर रु.मा. पुरणपोळी कुस्करून दुधात कालवून देवणीच्या आजींसमोर वाकलेली.
"आजी, आ करा."
आजींनी तोंड मिटलं. "न्हाई. आधी तू."
"मी मागून खाते की."
"पोळ्याला राबणाऱ्याला आधी घास असतो, मग धन्याला. साठ वर्सं असंच केलं. आज बैलाच्या मानेवर जू न्हाई, गोठ्यात बसून रवंथ करतो. अन् तू सकाळपून उभी. बस. दोन घास खा. मग मी खाते."
"कुठं बसू, आजी?"
नांदेडच्या बाईंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "इथं खुर्च्या नाहीत का?"
सर म्हणाले, "आहेत ना मॅडम, सर्व्हिसिंगला गेल्यात."
खुर्च्या! सर्व्हिसिंगला! मी हसू दाबलं. पण शेजारच्या खाटेवरचे गुरुजी आयुष्यभर पोरांचं खोटं पकडत आलेले. त्यांनी चमचा ताटात ठेवला. "गच्चीवर आहेत. कुलपात." आणि ताट सरकवलं. पलीकडं आणखी तीन ताटं सरकली. कुणी ठरवलं नव्हतं. मी तर अजिबात नाही. (सरांना हे पटणार नाही.)
बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "डॉक्टर, माझी आई सावकाश खाते. भरवणारीचे पाय दुखत असतील तर घास घाईनंच जाणार, आणि आईला ठसका लागला की जिवावर बेततं. मला गादी नका दाखवू. खुर्च्या दिसल्या की आईला आणते."
सरांचा चेहरा. मग स्वतः केबिनमध्ये गेले आणि फिरती खुर्ची ढकलत आले. कॉरिडॉरमध्ये तिची चाकं अशी वाजत होती, जशी वरातच.
रुक्मिणमावशी बसली. पाय जमिनीला टेकेनात. खुर्ची अर्धी गिरकी घेऊन भिंतीकडं वळली.
"अगं बाई! सिस्टर, ही फिरून राहिली!"
गुरुजी हसले, ते पॅरालिसिसनंतर पहिल्यांदा. रु.मा.नं दोन घास खाल्ले. मग आजींनी आ केला. पूर्ण वाटी. पंचेचाळीस मिनिटं. सर तेवढा वेळ दाराशी उभे होते. आळस आल्यासारखे दिसत नव्हते.

घरी आल्यावर एक गोष्ट टोचतेय. माणूस म्हणून मागितलं तर दोन आठवडे विचाराधीन. बैलाच्या नावानं मागितलं तर पाच मिनिटांत. माझ्या बापानं आम्हाला शिकवलं ते काय बैलाच्या रांगेत मान मिळवायला? रु.मा.ला हे बोलले तर म्हणते, "असू द्या सिस्टर. आधी बसून तर घेऊ, मग भांडू." बरोबर आहे तिचं. भांडण बसूनच करावं, जास्त टिकतं.

२५ ऑगस्ट, सोमवार
गच्चीचं कुलूप निघालं. सहा खुर्च्या, पाच स्टुलं. आम्हीच धुतल्या, पुसल्या. प्रत्येक दोन खाटांमागं एक. सर म्हणाले, "दिवाळीपर्यंत प्रयोग म्हणून." कॅमेरा तिथंच. रु.मा.नं तिची खुर्ची बरोबर कॅमेऱ्यासमोर मांडली आणि वर बघून पदर सारखा केला.

२८ ऑगस्ट, गुरुवार
नांदेडच्या आजी आल्या. रु.मा.नं पहिला घास भरवला. बसून.
पोस्टर अजून भिंतीवर आहे. गुरुजींनी डाव्या हातानं, थरथरत, पेनानं खाली जोडलंय: 'बसा.'
जाताना रु.मा.ला ड्रॉवर उघडून कागद दाखवला. "मावशी, फाडू?"
तिनं कागद हातात घेऊन आपली सही बघितली.
"फाडू नका. ऱ्हाऊ द्या तिथंच. सरला ठाऊक हाय ना, तुमच्यापाशी हाय म्हनून?"
"तुम्ही जाणार एवढंच सांगितलं होतं. कागदाचं नाही."
"मग सांगा की."
उद्या सांगते. कागदावर तारखेची जागा रिकामी आहे. ती कधी भरायची, भरायची की नाही, ते आता रुक्मिणमावशी ठरवणार. दिवाळीपर्यंत वेळ आहे. बसून ठरवील.