माशाच्या तेलाच्या गोळ्या आणि एक किलो

१५ सप्टें., सोम.
पुण्याहून किशोरचं पार्सल. माशाच्या तेलाच्या गोळ्या, पिवळ्याधमक, डबाभर. फोनवर हुकूम: "बाबा, रोज दोन घ्या. दर सोमवारी वजन कळवा. वाढलं नाही तर दिवाळीला येतो आणि तुम्हाला इकडेच घेऊन येतो." किशोरची आई सिंधू गेल्यापासून मी वाळलो, हे खरं. पण आपलं केशोरी गाव सोडून पोराच्या तिसऱ्या मजल्यावर बसून काय करू? बत्तीस वर्षं एस.टी.त तिकिटं फाडली, आता मलाच कोणी गाडीत कोंबणार!
राइस मिलच्या धानकाट्यावर उभा राहिलो. काटेवाला मारोती म्हणाला, "एक्कावन्न."

२२ सप्टें.
५१च. दिवसभर माशाचे ढेकर.
मासोळी विकणारी भागाबाई दारात. "तेल कायले पिऊन राहिले, भाऊ? मासोळीच खा ना." घेतली पाव किलो. रस्सा सिंधूसारखा झाला नाही. सवयीनं दोन ताटं काढली. एक परत ठेवलं. मग जेवण राहिलंच.

२९ सप्टें.
५१. मेडिकलवाला म्हणतो, "यानं वजन नाही वाढत, काका. जेवून राहिले का बराबर?"  एकट्याला घास उतरत नाही.

६ ऑक्टो.
मारोती गावाला गेलाय. काट्यावर त्याची बायको. ५२! किशोरला लगेच कळवलं. पोरगा खूश. गोळ्या लागू पडल्या म्हणे.

७ ऑक्टो.
मारोती परतला. "काका, धानाच्या वजनातून रिकाम्या बोऱ्याचं एक किलो कापाची सवय हाये नं मले. तुमचंबी कापत होतो. तिनं नाही कापलं."
"मी का धानाचा बोरा आहे, गाढवा?"
म्हणजे पहिल्यापासून ५२च. छटाकभर वाढलो नाही. किशोरला कळवायला हवं. पण कळवलं की न्यायला येईल...

११ ऑक्टो.
किशोर: "वजन वाढलं ना, मग काळजी नाही. दिवाळीला येत नाही, बाबा. रजा वाचवतो." म्हटलं, बरं. हेच तर हवं होतं मला. दिवसभर ओसरीवर बसून राहिलो. तो यायला हवा आहे. न्यायला नको, नुसता यायला.

१३ ऑक्टो.
काट्यावर गेलो नाही. खरं सांगायला फोन लावला. त्यानेच आधी विचारलं, "जेवलात का?" म्हटलं, जेवलो. गॅस पेटवलाच नव्हता. मग इकडचं तिकडचं बोलून ठेवला.
शनिवारपर्यंत खरं सांगितलं तर त्याला दिवाळीला यायला अजून तत्काळचं तिकीट मिळेल.